नजरेचा टप्पा आणि रस्त्याची हद्द

आमच्या तालुक्यात सागरी महामार्गावर एक वळण आहे. चढण संपते, हापूसची कलमं मागे पडतात आणि समोर एकदम समुद्र उघडतो. लहानपणी एसटी त्या चढणीला लागली की आम्ही पोरं समुद्राकडच्या खिडक्यांशी सरकायचो, आणि कंडक्टर दरवेळी ओरडायचा, 'एका बाजूला नका रे होऊ!' तीन-चार वर्षांपूर्वी त्या वळणाच्या डोंगराकडच्या अंगाला जेसीबी लागला. कातळ फोडून पायऱ्या पाडल्या, पायऱ्यांवर फक्की मारून प्लॉट आखले आणि खाली रस्त्याला लागून लोखंडी कमान उभी राहिली. कमानीवर लिहिलं होतं, 'सी-व्ह्यू एन.ए. प्लॉट. स्वतंत्र सात-बारा. बँक कर्ज उपलब्ध.' पावसाळा आला तशी उघड्या डोंगराची लाल माती गटारात उतरली. गटार तुंबलं आणि चिखल डांबरावर पसरला. मृगाच्या पहिल्या आठवड्यात त्या वळणावर दोन दुचाक्या घसरल्या. त्यातली एक माझी. गुडघ्याचं साल गेलं, बाकी काही नाही.

गुडघा बरा झाल्यावर चौकशीला निघालो. रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयात सांगितलं, डोंगर आमच्या हद्दीबाहेर आहे. महसुलाच्या कार्यालयात सांगितलं, बिनशेतीचा आदेश रीतसर आहे. ग्रामपंचायतीत सांगितलं, ना-हरकत दिलेली आहे, ठराव वहीत आहे, हवा तर वाचा. वाचला. तिघांचंही खरं होतं. कोणी खोटं बोललं नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे कोणी नियमही मोडला नव्हता. तरी वळण गेलं ते गेलंच.

रस्त्याची हद्द गटारापाशी संपते. ज्यासाठी माणूस पुण्याहून सात-आठ तास गाडी हाकत येतो ते सगळं गटाराच्या पलीकडे असतं. कुणाचं नारळी-पोफळीचं आगर, कुणाचा सडा म्हणजे कातळाचं पठार, कुणाचा जांभ्या दगडाचा गडगा, मधली खाडी आणि तिच्या पलीकडचा डोंगर. या सगळ्याला आपल्या भाषेत एक जुना नेमका शब्द आहे, नजरेचा टप्पा. कागदोपत्री मात्र त्याला नाव नाही, नकाशा नाही आणि राखणदारही नाही.

हे आधी सांगितलं, कारण सध्या आमच्याकडे चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एक विषय निघतो. सागरी महामार्गाला 'सीनिक हायवे'चा, म्हणजे निसर्गरम्य मार्गाचा, दर्जा मिळायला हवा. बाहेरच्या देशांत असतो म्हणे, मग आपल्याला का नको? मीही मागणाऱ्यांतला आहे. माझ्याही घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. पण पाटी आधी आणि बाकीचं मग, अशा क्रमाने हा दर्जा येणार असेल तर तो न आलेला बरा, असं माझं मत झालं आहे.

याला कारण आपल्याकडे 'दर्जा' या शब्दाला चिकटलेला अर्थ. आपल्या राज्यात रस्त्यांची उतरंड ठरलेली आहे. ग्रामीण रस्ता, इतर जिल्हा मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, राज्य मार्ग, त्यावर प्रमुख राज्य महामार्ग आणि सगळ्यांत वर राष्ट्रीय महामार्ग. खालचा रस्ता वर चढला की त्याला 'दर्जोन्नती' म्हणतात. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर हा शब्द तुम्ही वाचला असेल. दर्जोन्नती म्हणजे रुंदी. रुंदी म्हणजे मोजणी, भूसंपादन, झाडांवर पांढरे आकडे आणि मग करवत. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेचे जुने वड-पिंपळ असेच आकडे अंगावर घेऊन गेले. त्यामुळे उद्या कोणी जाहीर केलं की अमुक रस्ता निसर्गरम्य म्हणून वरच्या दर्जाला नेला, तर पहिलं टेंडर रुंदीकरणाचं निघेल आणि दुसरं डोंगर कापून 'व्ह्यू पॉइंट' करण्याचं. यात कोणाचा दुष्टावा असायची गरज नाही. खात्याच्या हातात हातोडा आहे, समोर दिसेल तो खिळा ठोकला जाणार.

हा रस्ता मुळात आहे काय, तेही थोडं सांगायला हवं. रायगडात रेवसपासून सिंधुदुर्गात रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणारा सुमारे पाचशे किलोमीटरचा मार्ग. कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळातली, म्हणजे 1980च्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हापासून तो तुकड्यातुकड्यांनी होतो आहे. कुठे दोन गाड्या सुखाने जातात, कुठे आगरांच्या मधून बोळासारखा जातो, समोरून एसटी आली की कोणीतरी मागे जायचं. खाड्यांपाशी तर रस्ता संपतोच. मग फेरीबोट. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. आता खाड्यांवर मोठे पूल बांधून रस्ता सलग करायचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे.

म्हणजे वेळ नेमकी आत्ताची आहे. आजवर हा रस्ता त्याच्या तुटलेपणामुळे वाचला. खाडी आडवी आली की ट्रकवाला मुकाट्याने मुंबई-गोवा महामार्गाकडे वळायचा. पूल झाले की ते कुंपण पडणार. पूल नकोत असं मी म्हणत नाही. धोपाव्याहून दाभोळला दवाखान्यात जाणाऱ्या बाईला शेवटची बोट गेल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. पण पूल झाल्यावर रस्त्याला धाक कसला, हे पूल व्हायच्या आधी ठरायला हवं.

बाहेर हे कसं करतात? सगळ्यांत जुनं आणि मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटलेलं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथे 1963 साली निसर्गरम्य महामार्गांची योजना आली. तिची खुबी अशी की दर्जा दोन पायऱ्यांत मिळतो. राज्याच्या विधिमंडळाने कायद्यातल्या यादीत रस्त्याचं नाव घातलं की तो फक्त 'पात्र' ठरतो. पात्र म्हणजे काहीच नाही. खरा दर्जा हवा असेल तर तिथल्या काउंटीने, म्हणजे आपल्या हिशेबात जिल्ह्याने, आधी त्या पट्ट्याच्या संरक्षणाचा कार्यक्रम मंजूर करायचा. जमिनीचा वापर काय आणि घरं किती दाट, प्रत्येक जागेची आखणी कशी, जाहिरातफलकांवर बंदी, माती उकरण्यावर आणि झाडझाडोऱ्यावर लक्ष, बांधकामाचं दर्शनी रूप. या पाच गोष्टी कागदावर आणि नियमांत आल्या की मग रस्त्यावर फुलाचं चिन्ह असलेली पाटी लागते. दर पाच वर्षांनी तपासणी होते, आणि नियम पाळले नाहीत तर दर्जा काढून घेता येतो. यादीत नाव आहे पण पट्ट्याची जबाबदारी घ्यायला स्थानिक सरकार तयार नाही, म्हणून नुसतेच पात्र राहिलेले रस्ते तिथे पुष्कळ आहेत.

माती उकरण्यावर नियंत्रण, हे वाचलं आणि मला आमचं वळण आठवलं. साठ वर्षांपूर्वी कोणाला तरी सुचलं होतं की देखावा बिघडतो तो डोंगराच्या कापापासून, आणि तो काप रस्त्याच्या हद्दीबाहेर असतो.

त्या योजनेत पहिला दर्जा मिळाला तो 1966 साली, कार्मेलच्या दक्षिणेकडच्या बिग सर किनाऱ्याला. डोंगर सरळ समुद्रात उतरतो आणि रस्ता त्याच्या कुशीतून जातो. आपल्या दिवेआगर-शेखाडी-श्रीवर्धन रस्त्यावरून गेलेल्याला ती चाल ओळखीची वाटेल, फक्त तिथले कडे फार उंच. त्या भागाचा जमीनवापराचा आराखडा 1986 साली पक्का झाला. त्यातला कळीचा नियम असा की महामार्गावरून दिसणाऱ्या जमिनीवर नवं बांधकाम नको. नजरेचा टप्पा तिथे चक्क कायद्यात आला. ज्यांचे प्लॉट त्या टप्प्यात अडकले त्यांना दुसरीकडे बांधण्याचे हक्क द्यायची सोय केली. पुढे 2004 मध्ये रस्त्याच्या व्यवस्थापनाचा वेगळा आराखडा झाला. त्यात दरडीचं काय करायचं, वादळाने रस्ता तुटला तर दुरुस्ती कशी करायची, असे अगदी खात्याच्या रोजच्या डोकेदुखीचे विषय आहेत. सौंदर्याच्या गप्पा कमी आणि मातीच्या जास्त. मला तो आराखडा आवडला तो यामुळेच.

तिथे सगळं गोडगोड चाललंय असं मात्र नाही. मे 2017 मध्ये मड क्रीकपाशी अख्खा डोंगर रस्त्यावर येऊन समुद्रात गेला. रस्ता पुन्हा सुरू व्हायला जुलै 2018 उजाडला. आणि त्याच रस्त्यावरच्या बिक्सबी पुलावर मोबाईल घेऊन उभ्या राहणाऱ्यांनी तिथल्या रहिवाशांना इतकं जेरीस आणलंय की रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या माणसाला ऐकताना आपलाच भाऊ बोलतोय असं वाटेल. बांधकाम आवरणं नियमाने जमलं. गर्दीवर नियमाचा इलाज त्यांनाही पुरता सापडलेला नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना नंतरची, 1991ची. तिथेही राष्ट्रीय दर्जाच्या अर्जाला पट्ट्याच्या व्यवस्थापनाचा आराखडा जोडावा लागतो. त्या योजनेत सौंदर्य हा सहा गुणांतला एक गुण आहे. बाकीचे निसर्ग, इतिहास, संस्कृती, पुरातत्त्व आणि मनोरंजन. आपल्या किनाऱ्याला हे माप लावलं तर गंमत होते. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पर्यटकांच्या गाड्या त्यांच्यापासून थोड्या अंतरावरून सुसाट जातात, कारण समुद्र पलीकडे आहे आणि सडा म्हणजे 'ओसाड जमीन', हे आपण महसुलाच्या कागदावरून शिकलो आहोत.

नॉर्वेत अठरा रस्ते निवडून त्यांच्या कडेला बसायच्या जागा, सज्जे, स्वच्छतागृहंसुद्धा नामांकित वास्तुविशारदांकडून करून घेतली. सुंदर आहे, पण तो पैशाचा खेळ आहे.

उलट उदाहरण स्कॉटलंडचं. 2015 साली तिथल्या उत्तर टोकाला वळसा घालणाऱ्या, पाचशे मैलांहून थोड्या जास्त रस्त्यांची माळ करून तिला 'नॉर्थ कोस्ट 500' असं नाव दिलं. रस्ते जुनेच. नाव नवं, आणि ते पर्यटन वाढावं म्हणून दिलेलं. नाव जबरदस्त चाललं. पण त्यातले कितीतरी रस्ते एकाच गाडीपुरते, अधूनमधून बाजूला घेण्याची जागा. त्या जागांत लोक गाड्या लावून फोटो काढू लागले, मोठाल्या कॅम्परव्हॅन आल्या, रस्त्याकडेला मुक्काम पडू लागले, घाण झाली. हॉटेलवाले खूश, मेंढ्या घेऊन जाणारा वैतागलेला. मग मागाहून स्वच्छतागृहं, मागाहून पार्किंग, मागाहून वाद.

आपली कुंडली यातल्या कोणाशी जुळते हे सांगायला ज्योतिषी नको. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, देशातला पहिला. दर्जा मिळून पंचवीस-तीस वर्षं झाली. तिकडच्या कोणालाही विचारा, या दर्जामुळे तुझ्या गावात एखादी गोष्ट करायची थांबली का? कासचं पठार घ्या. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 जागांबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं आणि साताऱ्याकडून गाड्यांची रांग लागली. मग कुंपण आलं, कुंपणाने फुलांचं नुकसान होतं की भलं यावर वाद आला, ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली. आसपासच्या गावांच्या समित्यांनी ते बऱ्यापैकी सांभाळलं याचं मला कौतुक आहे. पण क्रम बघा. आधी पाटी, मग गर्दी, मग कुंपण.

माझ्या बाजूच्या माणसांनीच मला सुनावलेले दोन आक्षेप आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला असा की ही सगळी भरल्या पोटाची भाषा आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, दर गणपतीला नवी तारीख मिळते, आणि तुम्ही देखाव्याच्या गोष्टी करता? आम्हाला रुंद रस्ता हवा, गुळगुळीत हवा, लवकर हवा. यावर माझं म्हणणं एवढंच की दोन रस्त्यांची कामं वेगळी ठेवा. मालवाहतूक, रात्रीच्या बसगाड्या, घाईची माणसं महामार्गाने जाऊ देत, आणि त्यासाठी तो एकदाचा पुरा करा. किनाऱ्याच्या रस्त्याला वेगाची हाव नको. त्यावरून मिरकरवाड्याची मासळी जाईल, एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या जातील, शाळेची एसटी जाईल. या सगळ्यांना खड्डे नसलेला, पाणी न तुंबणारा, वळणावर समोरचं दिसणारा दुपदरी रस्ता पुरतो. रुंदी आणि चांगुलपणा यांची आपण फारच गल्लत केली आहे. चांगला अरुंद रस्ता असू शकतो हे आपल्या डोक्यातूनच गेलंय.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. तो माझ्या शेजारच्या अण्णांचा. समुद्राच्या अंगाला त्यांची अठरा गुंठे जमीन आहे. सात-बाऱ्यावर त्यांच्यासकट सव्वीस नावं, निम्मे मुंबईला, चार-पाच देवाघरी. अण्णा म्हणाले, 'अरे, शंभर वर्षं तिथे भात पिकवून आम्ही उपाशी राहिलो तेव्हा कोणाला देखावा दिसला नाही. आता गुंठ्याला भाव आला, तर तुमच्या पर्यटकाच्या डोळ्याला त्रास नको म्हणून मी घर बांधायचं नाही? डोळा त्याचा, जमीन माझी.'

यावर ताबडतोब उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही. पण निसर्गरम्य मार्गाचा खरा प्रश्न अण्णांच्या या वाक्यात आहे, वास्तुविशारदांच्या सज्जांत नाही. देखावा सगळ्यांचा आणि बंधन एकट्याचं, हा व्यवहार कोणीही शहाणा माणूस मान्य करणार नाही. आणि मान्य केला नाही की काय होतं तेही दिसतंच आहे. सव्वीस नावांपैकी मुंबईची चार नावं दलालाला अधिकार देऊन मोकळी होतात, भांडण लागतं, शेवटी सगळीच विकून टाकतात. बांधतो तो तिसराच.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने मिसिसिपी नदीकाठच्या रस्त्यासाठी 1950च्या दशकात एक वाट काढली होती. शेतकऱ्याची जमीन घेतली नाही, फक्त तिच्यावर फलक उभारण्याचा आणि काही प्रकारचं बांधकाम करण्याचा हक्क पैसे देऊन विकत घेतला. शेती त्याची, गुरं त्याची, विकायचा हक्कही त्याचा. बंधन जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातं. आपल्याकडे असं काही सुचवलं की लोक टीडीआरचं, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकण्याच्या सोयीचं, नाव काढतात. शहरात टीडीआरला गिऱ्हाईक असतं. आमच्या गावात कोण घेणार तो? तेव्हा रोख मोबदला, नाहीतर दरवर्षी ठरलेली रक्कम. ती येणार कुठून, तर पार्किंगच्या पावतीतून, पुलांना टोल लागला तर त्यातल्या वाट्यातून, आणि रस्त्याच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरलेल्या तरतुदीतून. डांबराच्या एका थराचे पैसे आपण रस्त्याचा खर्च म्हणून धरतो. अण्णांनी न बांधलेलं घर हाही रस्त्याचाच खर्च आहे, एवढं हिशेबात यायला हवं.

कायदा नाही म्हणून अडलंय असं कोणी म्हणालं तर ते अर्धंच खरं. निसर्गरम्य मार्ग असा वर्ग आपल्या कायद्यात नाही हे बरोबर. पण 1966च्या नगररचना कायद्यात प्रादेशिक योजनेत काय काय असावं याची यादी आहे, तिच्यात नैसर्गिक देखाव्याच्या क्षेत्रांचं जतन हा विषय स्पष्ट आहे. 1955च्या महामार्ग कायद्यात इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा आखायची तरतूद आहे, म्हणजे रस्त्याच्या मालकीबाहेरच्या जमिनीवरही रस्त्यासाठी बंधन घालता येतं हे तत्त्व जुनंच आहे. (नियंत्रण रेषा म्हटलं की लोकांना काश्मीरच आठवतं, हा भाग वेगळा.) किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधन घालणारी किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना भरतीरेषेपासून मोजते. महामार्गाच्या रेषा रस्त्याच्या मध्यापासून मोजतात. या दोन्ही पट्ट्यांत जे येत नाही आणि तरी डोळ्यांत भरतं, तो डोंगराचा उतार आणि सड्याची कड. आमचं वळण नेमकं तिथे गेलं.

म्हणून माझी मागणी लहान आहे. सबंध पाचशे किलोमीटरला दर्जा मागूच नका. त्यातले तुकडे मागा. दिवेआगर ते श्रीवर्धन, आरे-वारे ते गणपतीपुळे, असे दहा-वीस किलोमीटरचे, जिथली गावं तयार असतील तेवढेच. प्रत्येक तुकड्याचा नजरेचा टप्पा आधी पायी चालून आखायचा. ड्रोनने नको. ड्रोनला जे दिसतं ते एसटीच्या खिडकीतून दिसत नाही. दर शंभर पावलांवर थांबायचं, काय दिसतं ते गट नंबरासकट लिहायचं, ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची. ज्याचा गट नंबर यादीत आला त्याने तिथेच उठून बोलावं. मग त्या यादीपुरते नियम. उतार कापायचा असेल तर किती आणि माती कुठे जाणार हे आधी सांगायचं. समुद्राकडच्या बाजूला गडगा छातीच्या वर न्यायचा नाही, पत्र्याचं कुंपण तर नाहीच. आणि फलक एकही नको. प्लॉटचा नको, रिसॉर्टचा नको, वाढदिवसाचा तर मुळीच नको. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने 1968 मध्ये सगळेच जाहिरातफलक काढायचा कायदा केला आणि तिथली दुकानं काही बंद पडली नाहीत. ग्रामपंचायतीने एका मापाच्या, एका रंगाच्या लहान दिशादर्शक पाट्या करून द्याव्यात. माझ्या दोन खोल्यांची पाटीही तेवढीच असेल.

गाड्यांचं म्हणाल तर आरे-वारेला मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी एकदा जाऊन उभे राहा. रस्त्याच्या एका अंगाला गाड्यांची रांग, दुसऱ्या अंगाला कणीस, शहाळी, भेळ. मधे रत्नागिरीची एसटी अडकलेली. कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारतोय, आणि नेमक्या वळणावर एक कुटुंब कठड्यावर चढून हात पसरून उभं आहे. सूर्य बुडाला की सगळे एकदम निघतात आणि कठड्याशी कागदी कप राहतात. यावर 'व्ह्यू पॉइंट रुंद करा' हा इलाज करून पाहण्यातही अर्थ नाही, तो दुसऱ्या मेमध्ये भरतो. गाड्या वळणापासून दूर, गावाच्या अंगाला लावायच्या आणि पाच-सात मिनिटं चालत यायचं. त्या वाटेवर गावातल्या बायकांची दुकानं बसतील. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने कासवांच्या निमित्ताने हेच करून दाखवलं आहे. माणसं येतात, गावातल्याच घरांत राहतात, जेवतात, पहाटे वाळूतून चालत जातात आणि पिल्लं समुद्रात जाताना लांबून बघतात. तिथे मोठं हॉटेल नसणं हीच सोय ठरली.

फेरीबोटींबद्दलही एक हट्ट. पूल झाले तरी एखाद-दोन बोटी चालू ठेवा. दाभोळच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत उभ्या राहिलेल्या माणसाला खाडी जेवढी दिसते तेवढी पुलावरून ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला कधीच दिसणार नाही. हा हट्ट खर्चाचा आहे हे मान्य.

आणि दर्जा काढून घ्यायची तरतूद हवीच. पाच वर्षांनी कोणीतरी बाहेरचा येऊन यादी घेऊन पुन्हा चालेल. यादीतला उतार कापलेला दिसला तर पाटी उखडायची, समारंभ करून उखडायची. ज्यांनी लावताना नारळ फोडला त्यांनाच बोलवायचं.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय ठेवणार आहे. आमच्या गावच्या हद्दीतला साडेतीन किलोमीटरचा तुकडा, त्याची यादी माझ्याकडे तयार आहे. गेल्या महिन्यात दोन सकाळी चालून केली, बरोबर शाळेतली चार पोरं होती. एक्केचाळीस गट नंबर झाले. सतराव्या क्रमांकावर अण्णांचा आहे. काल संध्याकाळी यादी त्यांना नेऊन दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, आपल्या नंबरावर बोट ठेवलं आणि विचारलं, 'सरपंचाचा मळा यात कसा नाही?'

मी परत जाऊन पाहिलं. आमचं चुकलं होतं. जांभळीच्या झाडामागून तो दिसतो. आता बेचाळीस झाले.